गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटच्या ऑपरेशनला साडेपाच महिने झालेत, मुलीला कबड्डीच्या निवड चाचणीत उतरवू का?

नाही, एवढ्यात नको. तुम्ही लिहिलंय की मुलगी सतरा वर्षांची आहे, गुडघा अजिबात दुखत नाही, गोल्फ क्लब मैदानावर आरामात फेऱ्या मारते आणि चाचणी पुढच्याच महिन्यात आहे. मी नाशिकमध्ये खेळाडूंची फिजिओथेरपी करते. मला सगळ्यात जास्त काळजी याच टप्प्यावरच्या मुलींची वाटते.

दुखणं थांबलं म्हणजे लिगामेंट, हाडांना जोडणारा तो पट्टा, तयार झाला, असं नसतं. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला ग्राफ्ट, म्हणजे नवा पट्टा, आधी कमजोर होतो, मग त्यात रक्तपुरवठा येतो आणि तो मुरायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सरळ पळताना एसीएलची खरी परीक्षा होतच नाही. ती होते चढाईवरून मध्यरेषेकडे झटक्यात वळताना. ऑस्लोच्या संशोधकांच्या २०१६ च्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जसं लांबवलं, तसं दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटलं. तरुण खेळाडूंमध्ये तर दुसऱ्या, धडधाकट गुडघ्यालाही धोका असतो.

घरी एक करून बघा. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिला ऑपरेशनच्या पायावर उभं करा, हाताशी कठडा असू द्या. दुसरी टाच अगदी सावकाश जमिनीला टेकवायला सांगा. तुम्ही समोर बसून बघा. गुडघा आत झुकतोय? कंबर एका बाजूला कलतेय? मग मांडीची ताकद आणि तोल अजून आलेला नाही. नीट जमलं तरी तेवढ्यावर मैदानात सोडू नका. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के आहे का, हे फिजिओकडून यंत्रावर मोजून घ्या. नुसत्या लंगडी-उडीवर विसंबू नका, तिथे घोटा आणि खुबा कमतरता झाकून टाकतात.

तिच्या सरांशीही बोला. बहुतेक एसीएल कुणाचा धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा वळताना तुटतात. म्हणून गुडघे वाकवून उतरणं, नॉर्डिक (मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम), एका पायावरचा तोल असा वीस मिनिटांचा वॉर्मअप आठवड्यातून दोन-तीनदा सगळ्या संघाला हवा. फुटबॉलमधल्या '११ प्लस' या दुखापत टाळणाऱ्या वॉर्मअपचा नमुना त्यांना सहज मिळेल.

यंदाची चाचणी जाऊ द्या. नऊ महिने भरले की सर्जनना दाखवा, चाचण्या करा, आणि आधी नुसता सराव, मग पकडीसह सराव, शेवटी सामना, या क्रमानेच तिला उतरवा.