ब्रायन ग्लॅनव्हिल यांची फुटबॉल पत्रकार आणि लेखक म्हणून कारकीर्द कशी घडली?

लंडनमध्ये 1931 साली जन्मलेल्या ग्लॅनव्हिल यांनी विशीही गाठली नव्हती, तेव्हाच आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबचे नामवंत खेळाडू क्लिफ बॅस्टिन यांच्या आत्मचरित्राचे शब्दांकन केले होते. पुढे ते इटलीत राहिले, 'कोरिएरे देल्लो स्पोर्त' या दैनिकासाठी लिहू लागले आणि इटालियन भाषेवर त्यांनी प्रभुत्व मिळवले. इंग्लंडचे बहुतेक क्रीडापत्रकार आपल्या बेटापलीकडे फारसे पाहत नसत, त्या काळात ही गोष्ट त्यांना इतरांपासून वेगळी करणारी ठरली.

1958 पासून सुमारे तीन दशके ते 'संडे टाइम्स'चे फुटबॉल प्रतिनिधी होते. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम सामन्यांच्या वृत्तांतांत नसून शोधपत्रकारितेत आहे. 1973 च्या डर्बी काउंटी (इंग्लंड) विरुद्ध युव्हेंटस (इटली) या युरोपियन कप (युरोपीय क्लबांची स्पर्धा) उपांत्य सामन्यापूर्वी पोर्तुगीज पंच लोबो यांना लाच देऊ करण्यात आली होती आणि त्यांनी ती नाकारली होती, हे प्रकरण ग्लॅनव्हिल यांनी सहकारी कीथ बॉट्सफर्ड यांच्यासह 1974 मध्ये उजेडात आणले.

कादंबरीकार म्हणूनही त्यांना मान होता. 'गोलकीपर्स आर डिफरंट' ही किशोरांसाठीची कादंबरी आणि विश्वचषकाचा वेळोवेळी अद्ययावत केलेला इतिहास ही त्यांची विशेष वाचली गेलेली पुस्तके. (1966 च्या विश्वचषकावरील 'गोल!' या माहितीपटाची संहिताही त्यांचीच.) मे 2025 मध्ये, वयाच्या 93 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.