टेबलावरून : केम्बा की बेन?

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले, की सर्वोत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस मैदानावर ठरत नाही, टेबलावर ठरतं. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सामन्यांना तीस वर्षं स्कोअरर म्हणून बसले, त्या अधिकारात लिहिलं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. तीन घेते. पहिलंच बरीच जागा खाणार आहे, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

«ताई, सप्रेम नमस्कार. माझा भाचा अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठात शिकला आणि तिकडेच राहिला. दर डिसेंबरात पुण्याला येतो आणि आमच्याकडे पानावर बसला की 2011 सालचं तेच काढतो. म्हणतो, त्या वर्षी बिग ईस्ट कॉन्फरन्सचा प्लेअर ऑफ द इयर आमचा केम्बा वॉकर व्हायला हवा होता. तो मान नोटर डेम विद्यापीठाच्या बेन हॅन्सब्रोला दिला, हा दिवसाढवळ्या दरोडा आहे. माझा मुलगा इथे कॉलेजच्या संघातून खेळतो. तो म्हणतो, दादा, तुझा संघ लीगमध्ये निम्मे सामने हरला, आता बक्षीस कसलं मागतोस? यंदा दोघांनी मटारची उसळ गार होऊ दिली. ही म्हणाली, त्या टेबलावरच्या बाईंना विचारा. तुम्ही निकाल द्या, मी कात्रण फ्रिजवर लावतो. — भाच्याचा मामा, सहकारनगर»

मामा, कात्रण जरूर लावा, पण भाचा विमानात बसल्यावर. माझं मत बेन हॅन्सब्रोला.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिकडची विद्यापीठं आपापल्या गटात खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. बिग ईस्टमध्ये त्या वर्षी 16 संघ होते आणि प्रत्येकाचे लीगचे 18 सामने. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लीग संपली, की लगेच त्याच 16 संघांची बाद पद्धतीची स्पर्धा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. ती झाली की सगळ्या देशाची. प्लेअर ऑफ द इयर निवडतात गटातले प्रशिक्षक. स्वतःच्या खेळाडूला मत द्यायची त्यांना मुभा नाही, आणि ही मतं द्यायची असतात मधल्या फटीत. म्हणजे लीग संपलेली आहे, बाद फेरी अजून सुरू व्हायची आहे.

ही फट तुमचा भाचा विसरतो. त्याचं चूक नाही म्हणा, कारण फटीनंतर जे झालं ते पाहिलेला माणूस आधीचं सगळंच विसरेल. कनेक्टिकट लीगमध्ये नववं आलं होतं. वरच्या चार संघांना थेट उपांत्यपूर्व फेरी आणि यांना मात्र मंगळवारपासून रोज एक सामना. डीपॉल, जॉर्जटाऊन, पिट्सबर्ग, जादा वेळेत सिरॅक्यूज, शनिवारी लुईव्हिल. पाच दिवसांत पाच सामने, पाचही जिंकले. केम्बाचे एकट्याचे 130 गुण. पुढे देशाच्या स्पर्धेत आणखी सहा विजय आणि ह्यूस्टनला बटलरला 53-41 हरवून विजेतेपद.

त्यातला पिट्सबर्गविरुद्धचा शेवटचा शॉट मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशोब घरात कुणी विचारू नये. पिट्सबर्ग म्हणजे लीगमध्ये पहिलं आलेलं. 74-74. अखेरचे काही सेकंद. बचाव करणाऱ्यांच्या अदलाबदलीत केम्बासमोर त्यांचा धिप्पाड सेंटर गॅरी मॅगी आलेला. केम्बा आत घुसणार असं दाखवतो, पाय रोवतो आणि एकदम मागे सरतो. मॅगी जमिनीवर बसतो. केम्बा शांतपणे वर उडून चेंडू सोडतो आणि घड्याळ संपतं. 76-74. हाच शॉट मी आमच्या स्कोअरशीटवर नोंदवला असता, तर काय लिहिलं असतं? 76 आकड्यावर एक तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर, 15. झालं. मॅगी कसा बसला ते शीटवर येत नाही.

पण मतं पडली होती त्याच्या आधी. त्या दिवशीचं चित्र असं होतं: कनेक्टिकटचे लीगमध्ये 9 विजय, 9 पराभव. शेवटच्या पाच सामन्यांपैकी चार हरलेले. अगदी शेवटचा तर नोटर डेमशी होता आणि नोटर डेमनं कनेक्टिकटला त्यांच्याच घरी हरवलं होतं. नोटर डेम 14 विजय, 4 पराभव, दुसरा क्रमांक. तुम्ही त्या दिवशी मतपत्रिका हातात घेऊन बसला असतात तर काय केलं असतं?

आता मुलाचा कान धरते. संघ हरला म्हणून खेळाडूला बक्षीस नाही, हे मला मुळीच मान्य नाही. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात बसलेल्या कुणालाही विचारा. करंडक एका एकांकिकेला जातो आणि अभिनयाचं बक्षीस घेऊन जातो दुसऱ्याच कॉलेजचा मुलगा. त्यात कुणाला गैर वाटत नाही, ‘आवाज कुणाचा’ तेवढ्याच जोरात होतं. केम्बाच्या बाजूनं तर भक्कम मुद्दा आहे, आणि नवल म्हणजे तुमचा भाचा तो मांडत नाही. त्या संघात पहिल्या वर्षाची पोरं भरलेली होती, मोसमाआधी प्रशिक्षकांनी त्यांना दहावा क्रमांक दिला होता. नोव्हेंबरात माउईच्या स्पर्धेत केम्बानं त्या पोरांना घेऊन मिशिगन स्टेट आणि केंटकीला लोळवलं. केम्बाची मोसमाची सरासरी 23.5, हॅन्सब्रोची 18.4. गुणांत तुलनाच नाही.

मग मी बेनकडे का? कारण माउईचे सामने लीगच्या खात्यात येत नाहीत आणि न्यूयॉर्कचेही येत नाहीत. खात्यात येतात ते जानेवारी-फेब्रुवारीतले थंडीचे, कुणाला आठवत नाहीत असे सामने. त्यात बेन आठवड्यामागून आठवडा तसाच खेळत राहिला, आणि शेवटच्या पंधरवड्यात एकाचा संघ घसरत असताना दुसऱ्याचा चढत होता. दोघं जवळजवळ असले की मी शेवटचा पंधरवडा बघते. देशभरातल्या पहिल्या पाचांत केम्बाला घेतलंच होतं, त्या बाबतीत त्याच्यावर कुणी अन्याय केला नाही. भाच्याला म्हणावं, तुझ्याकडे विजेतेपद आहे, त्यांच्याकडे एक पाटी आहे. ती तरी राहू दे.

एवढ्या ठामपणे बोलते, याला कारण मी स्वतः त्या फटीत सापडले आहे. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलींची स्पर्धा, अंतिम सामना, मैदानाचं नाव लिहीत नाही. सर्वोत्कृष्ट खेळाडूचं प्रमाणपत्र तेव्हा सुंदर अक्षर असलेल्या एका सरांकडून हातानं लिहून घ्यायची पद्धत होती आणि प्रमुख पाहुण्यांना पुढे लग्नाला जायचं होतं. मध्यंतरातच आयोजक टेबलापाशी आले, ‘मॅडम, नाव द्या, शाई वाळायला वेळ लागतो.’ मी चार सामन्यांची शीट्स चाळली, सर्वांत जास्त गुण कुणाचे ते बघितलं आणि नाव दिलं. उत्तरार्धात समोरच्या संघाच्या एका काटकुळ्या मुलीनं सामना फिरवला. तिचे स्वतःचे गुण होते चार. पण बोर्डवरून परतलेला प्रत्येक चेंडू तिच्या हातात आणि तिथून पुढच्या क्षणी मोकळ्या मैत्रिणीच्या हातात. आमच्या शीटवर गुण, फाउल आणि टाइमआउट एवढंच उतरतं. रिबाउंडला जागाच नाही. त्यामुळे ती मुलगी माझ्या कागदावर जवळजवळ नव्हतीच.

तिचे प्रशिक्षक नंतर आले. भांडले नाहीत, नुसतं शीट मागून घेतलं, तिच्या नावापुढची ओळ बोटानं दाखवली आणि परत दिलं. ते फार लागलं. त्या दिवसापासून मी शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं रिबाउंडच्या काड्या मारायला लागले. नियमात बसत नव्हतं, कुणी हरकतही घेतली नाही.

मग त्या मुलीच्या बाबतीत चुकले म्हणतेस आणि केम्बाच्या बाबतीत बरोबर, हे कसं, असं तुमचा भाचा विचारणारच. हुशार असेल तर. फरक असा की माझी स्पर्धा अजून चालू होती आणि अंतिम सामना त्याच बक्षिसात मोजायचा होता. मी अर्धा कागद वाचून निकाल दिला. बिग ईस्टच्या प्रशिक्षकांनी 18 च्या 18 सामने संपल्यावर दिला. त्यांचा कागद पुरा होता, पुढचा कागद वेगळा.

«ताई, तुम्ही म्हणाल, संपूर्ण मोसम खेळलेल्यालाच बक्षीस द्यावं. मग 2019 ला झायन विल्यमसनला एसीसी कॉन्फरन्सचा प्लेअर ऑफ द इयर कसा दिला? तो तर दुखापतीनं बाहेर होता. — टी. वाय., कर्वेनगर»

तुम्ही म्हणाल ते मी म्हणणार नाही. 20 फेब्रुवारीला नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध पहिलं मिनिटही पुरं व्हायच्या आत त्याचा बूट फाटला आणि गुडघा मुरगळला. प्रेक्षकांत ओबामा बसले होते, त्यामुळे बूट जगभर गाजला. तो सामना आणि पुढचे पाच गेले. पण दुसरा दावेदार कोण, तर त्याच्याच ड्यूक विद्यापीठाच्या संघातला आर. जे. बॅरेट. म्हणजे ‘माझा संघ वर, तुझा खाली’ हा वादच निकालात. दोघांची मोसमाची सरासरी बघितलीस? 22.6 आणि 22.6. एका दशांशाचा फरक नाही. पण झायनचे शंभरातले 68 शॉट आत जायचे, बॅरेटचे 45. तेवढ्याच गुणांसाठी एकानं किती चेंडू वाया घालवले ते मोज. बॅरेट सगळे सामने खेळला याचं मोल आहेच, पण पाच-सहा सामने म्हणजे अर्धा मोसम नव्हे. बारा गेले असते तर मी बॅरेटला दिलं असतं. आठ गेले असते तर? तेव्हा मी रजा टाकली असती.

«नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची, शाळेच्या संघात आहे. तिचा प्रश्न: आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कला बिग टेन कॉन्फरन्सचं प्लेअर ऑफ द इयर बक्षीस लागोपाठ तीन वर्षं दिलं. एकदा मिळालं की दुसऱ्या कुणाला द्यायला नको का? शिवाय ती विचारते, असिस्ट मोजतात कसे? — आई, औंध»

बाईसाहेबांना सांगा, बक्षीस म्हणजे रेशन नव्हे, घरटी एक असं वाटत नाहीत. 2022, 2023, 2024 अशी तीनही वर्षं क्लार्कच सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या वर्षी सामन्याला सरासरी 31.6 गुण आणि वर 8.9 असिस्ट. कारकिर्दीचे 3,951 गुण, पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तेवढे आजवर मुलांतही कुणाचे नव्हते. मात्र माझ्या शीटवर तिचे असिस्ट दिसलेच नसते, त्यामुळे तिचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला.

तर असं करायचं. शंभर पानी वही घ्यायची, डाव्या बाजूला नंबर लिहायचे, पुढे तीन रकाने: बास्केट, रिबाउंड, असिस्ट. मैदानाच्या कडेला नाही बसायचं, तिथून पाठच दिसते. पायऱ्यांवर वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसायचं. चेंडू आत गेला की टाळ्या वाजवायच्या आधी मागे वळून बघायचं, हा पास कुणी दिला. पास घेणारीनं लगेच बास्केट केली तर देणारीच्या पुढे एक काडी. तिनं घेऊन चार वेळा टप्पे मारले, दोघींना चुकवलं आणि मग टाकला, तर काडी नाही. शंका आली तर काडी नाही. आणि दोन पेनं न्यायची, लाल आणि निळं. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. लाल जरा लवकर संपतं, का ते मला अजून कळलेलं नाही, तेव्हा एक जास्तीचं दप्तरात असू दे.