माझा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. कोर्टात साक्षीसाठी दुभाषा मिळतो का, की घरच्यांनी खुणा समजावून सांगितल्या तरी चालतं?

दुभाषा मिळतो, मागायलाच पाहिजे, आणि घरचं माणूस त्या जागी उभं करू नका. एवढं ठासून सांगतोय कारण आमच्या ताईच्या बाबतीत हे सगळं झालंय.

ताईला जन्मापासून ऐकू येत नाही, मूकबधिर शाळेत सातवीपर्यंत शिकली, शिवणकाम करते. वडील गेल्यावर नात्यातल्यांनी जमिनीच्या हक्कसोड पत्रावर तिची सही घेतली, तिला वाटलं रेशनकार्डाचं काम आहे. दावा लागला तेव्हा मामा म्हणाले, मुक्या पोरीला कशाला पिंजऱ्यात उभी करता, चारचौघांत हसं होईल, तिच्या वतीने तूच सांग. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही नाही. सही तिची, जमीन तिची, मग सांगायचं पण तिनेच.

साक्षीच्या तारखेला दुसरं कोणी नव्हतं म्हणून खुणा सांगायला मी उभा राहिलो तर समोरच्या वकिलांनी लगेच हरकत घेतली की हा भाऊ आहे, याचा हितसंबंध आहे. राग आला, पण हरकत बरोबर होती. सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंग केसमध्ये हेच सांगितलंय, दुभाषा साक्षीदाराच्या आसपासचा असावा पण केसमध्ये त्याचा स्वार्थ नसावा आणि त्यालाही शपथ द्यावी. लिहिता येत असेल तर लेखी उत्तरं घेणं चांगलं असंही त्यात आहे, पण ताईला साधं मराठी वाचता येतं, 'सदर दस्तऐवजातील मजकूर' वगैरे तिला काय कळणार?

पुढच्या तारखेला तिच्या शाळेतल्या जुन्या बाई आल्या, शपथ घेतली. उलटतपासात वकील ओरडून ओरडून विचारत होते. सही तुमचीच ना? ताईने मान हलवली आणि तेवढंच 'होय' म्हणून टाइप व्हायला लागलं. बाईंनी थांबवलं, कारण कर्णबधिर माणूस 'कळलं, पुढे बोला' म्हणूनही मान हलवतो आणि ताईचं उत्तर अजून पुरं झालंच नव्हतं. तिचं पूर्ण उत्तर होतं, 'सही माझी, पण मला सांगितलं रेशनकार्ड.' जजसाहेबांनी मग खूण काय केली आणि तिचा अर्थ काय, दोन्ही लिहून घेतलं. हे मान हलवण्याचं तुमच्या वकिलाला आधीच सांगून ठेवा, याच्यावर केस फिरते.

तारखेच्या आधी लेखी अर्ज द्या, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कॉपी जोडा, दुभाषा आणि व्हिडिओ रेकॉर्डिंग दोन्ही मागा. याला कायद्याचा आधार म्हणून आधी पुरावा कायद्याचं कलम 119 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष अधिनियमाचं कलम 125 आहे, शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 12. वकील म्हणाला अर्ज कशाला, साहेब चिडतील, तर वकील बदला, तालुका विधी सेवा समितीकडून दिव्यांगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

हां, भाऊ शाळेत गेला नसेल आणि फक्त घरातल्याच खुणा करत असेल तर शाळेतल्या बाईंनाही त्या कळणार नाहीत, मग त्याला ओळखणारा पण केसशी संबंध नसलेला शेजारी वगैरे शोधा. दुभाष्याचे पैसे कोण देणार तेही आधीच विचारून घ्या. आमचा दावा अजून चालू आहे त्यामुळे निकालाचं बोलत नाही.

आणि घरात कोणी मामांसारखं बोलत असेल तर त्यांना सांगा, 2021 च्या पाटण जमाल वली केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की अपंगत्वामुळे साक्षीचं वजन कमी होत नाही. त्या दिवशी कोर्टात कोणी हसलं नाही, आणि हसले असते तरी मी ताईला उभं केलंच असतं.