नकाशातला ‘साउंड’

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. अॅटलासमध्ये न्यूझीलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर त्याला ‘मिलफर्ड साउंड’ हे नाव दिसलं. साउंड म्हणजे आवाज, मग तिथे कसला आवाज येतो, असं तो विचारतो. धबधब्यांमुळे हे नाव पडलं असेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : धबधबे तिथे भरपूर आहेत. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण नावाचा त्यांच्याशी संबंध नाही. इंग्रजीत या एका स्पेलिंगखाली चार निरनिराळे शब्द राहतात. आवाजाचा साउंड लॅटिनमधून आला. मृत्युपत्रात ‘साउंड माइंड’ असं लिहितात तो जुन्या इंग्रजीतला, धडधाकट या अर्थाचा. नकाशावरचा साउंड नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, दर्यावर्दींचा ‘सुंद’, म्हणजे दोन भूभागांमधलं चिंचोळं पाणी. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या ओरेसुंदमध्ये तो अजून तसाच ऐकू येतो. चौथ्याकडे शेवटी येते.

मुलाला एवढंच सांगून थांबू नका, अशी माझी विनंती आहे. ‘साउंड म्हणजे अरुंद सामुद्रधुनी’ ही व्याख्या पाठ करून घेणं मला अजिबात पटत नाही, कारण मिलफर्ड सामुद्रधुनी नाहीच. दर्यावर्दी दिसेल त्या पाण्याला नाव देत पुढे गेले. ते पाणी तिथे कसं आलं, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. अमेरिकेतला पॅम्लिको साउंड म्हणजे वाळूच्या लांबट बेटांमागचं उथळ पाणी. १५२४ मध्ये वेराझानो या इटालियन दर्यावर्दीनं ते वाळूच्या पट्टीपलीकडे पाहिलं आणि तो पॅसिफिक महासागरच समजला!

मिलफर्ड बर्फानं कोरलेलं आहे. हिमनदीनं डोंगर खरवडून खोल, उभ्या कड्यांची दरी केली, बर्फ वितळल्यावर समुद्र आत शिरला. याला फ्योर्ड म्हणतात. मायटर शिखर तिथे पाण्यातूनच जवळजवळ १,७०० मीटर वर जातं. आत पाणी सुमारे २९० मीटर खोल आहे, पण तोंडाशी तळ उंबरठ्यासारखा वर आलेला आहे. समुद्राकडे पोचताना हिमनदीचा जोर ओसरतो, सोबत आणलेला दगडगोटा ती तिथे टाकते. हा उंबरठा दिसला की हिमनदीची सही मिळाली असं समजावं.

आता मिलफर्ड ज्यावर आहे त्याच, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला मार्लबरो साउंड्स पाहा. नाव तेच, पण तिथे पाण्याला झाडासारखे फाटे फुटलेले दिसतील. ते नद्यांच्या खोऱ्यांचे आहेत. जमीन खचली, हिमयुगानंतर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर चढली आणि खोरी बुडाली. तुमच्या वाशिष्ठीची दाभोळपर्यंतची खाडी याच जातीची. मुलाला भरतीच्या वेळी गोवळकोटला घेऊन जा. नदीच्या दरीत समुद्र शिरतो म्हणजे काय, हे त्याला उभ्या उभ्या दिसेल, आणि न्यूझीलंडचा नकाशा मग त्याला परका वाटणार नाही.

राहिला चौथा साउंड. फ्रेंचमधून आलेलं हे क्रियापद म्हणजे पाण्याची खोली मोजणं. पूर्वी दोरीला शिसं बांधून खाली सोडत. शिशाच्या बुडाला चरबी लावलेली असे, म्हणजे तळची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई. या शब्दाचाही आवाजाशी संबंध नव्हता. आता मात्र जहाज आवाजाचा ठोका खाली सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, त्यामुळे मिलफर्डच्या तळाला आपटून तो अर्ध्या सेकंदाच्या आत परत येतो. तिथला उंबरठा केवढा, हे आज अशा मोजणीतूनच कळतं. तेव्हा तुमच्या मुलाला सांगा, मिलफर्डमध्ये एक आवाज नक्की येतो : खोली मोजणाऱ्या बोटीचा.