ईएफ ३० टक्के आहे, म्हणून कॅन्सरसाठी पेट स्कॅन करावा का?

वडिलांना हार्ट फेल्युअर आहे, ईएफ (दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, तो आकडा) ३० टक्के आहे, 'कमजोर हृदयामुळे कॅन्सर वाढतो' असं तुम्ही वाचलंत आणि आता पूर्ण अंगाचा पेट स्कॅन (शरीरात कुठे कॅन्सर आहे का हे शोधणारा स्कॅन) करावा का, असं विचारताय. स्कॅन नको. पण वाचलंत ते अगदीच हवेतलं नाही.

त्यामागे नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा २०१८ चा प्रयोग आहे. जनुकदोषामुळे आतड्यात गाठी होणाऱ्या उंदरांमध्ये हार्ट अटॅक घडवला, तर गाठी जास्त वाढल्या. रक्ताभिसरण मंदावल्यानं असं झालं असेल, ही शंका कुणालाही येईल. म्हणून त्यांनी अटॅक आलेलं जादा हृदय उंदराच्या मानेत जोडलं आणि त्याचं मूळचं धडधाकट हृदय जागच्या जागी ठेवलं. गाठी तरीही वाढल्या! म्हणजे दुखावलेलं हृदय रक्तात काहीतरी सोडतं. सापडलेल्या प्रथिनांपैकी सर्पिन-ए३ नं काचपात्रातल्या आतड्याच्या कॅन्सरपेशीही वाढवल्या.

माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही. वय, तंबाखू, मधुमेह, लठ्ठपणा ही कारणं दोन्ही आजारांत सामाईक. शिवाय या पेशंटच्या तपासण्याच इतक्या होतात की लपलेली गाठ आपसूक सापडते. पाहण्यांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत.

माझ्या मते काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची: हार्ट फेल्युअर कॅन्सरची लक्षणं झाकतं. हिमोग्लोबिन उतरलं की 'हृदयामुळेच' म्हणून शिरेतून लोह दिलं जातं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) १०० च्या खाली असेल तर लोह द्यावंच, पण लोह गेलं कुठे हेही शोधावं. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना शौचातून रक्त गेलं तर दोष गोळीला देऊन थांबू नका. कित्येकदा आतड्यातली गाठ गोळीमुळेच लवकर रक्तस्राव करून स्वतःला उघडं पाडते. कोलोनोस्कोपीचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचं, विचारा.

वजनकाटाही फसवतो. अंगात पाणी साठत असताना मांस झडलं तरी आकडा तोच राहतो, म्हणून सूज उतरल्यावरचं वजन लिहून ठेवा. छातीत एकाच बाजूला पाणी असेल आणि लघवीच्या गोळ्यांनी हटत नसेल, तर ते काढून पेशींची तपासणी व्हायला हवी. स्पायरोनोलॅक्टोन या हार्ट फेल्युअरच्या गोळीनं पुरुषांची छाती दुखरी होऊन फुगते, ते ठीक; एका बाजूची टणक गाठ मात्र गोळीच्या नावावर खपवू नका.

कॅन्सरच्या भीतीनं हृदयाची औषधं बंद करू नका. पुढे कधी केमोची वेळ आलीच, तर ईएफचा ताजा रिपोर्ट कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर आधी ठेवा: डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब ही दोन्ही औषधं हृदयाला इजा करू शकतात आणि ३० टक्क्यांवर बहुतेकदा दुसरा मार्ग शोधावा लागतो. पेसमेकर असेल तर रेडिएशनचं नियोजन होण्याआधीच तसं सांगा.