नळजोडणीला परवाना कशाला?

प्रश्न : बंगल्याला महापालिकेचं नवं नळ कनेक्शन घ्यायचं आहे. आमचा नेहमीचा प्लंबर हाताने चांगला आहे, पण महापालिका परवानाधारकच मागते. हा नुसता पैसे काढण्याचा प्रकार नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. घरातला नळ किंवा फ्लशचा वॉशर बदलायला परवाना कुणी विचारत नाही. रस्त्यातल्या मुख्य वाहिनीला फेरूल (वाहिनीतून घराचा पाइप काढायचा जोड) बसवला, की मामला तुमच्या घरापुरता राहत नाही. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. ते गेल्यावर वाहिनी रिकामी होताना आतल्या बाजूला ओढ बसते. जोड सैल असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर गटाराचं पाणी आत शिरतं आणि पुढच्या पाळीला शेजाऱ्यांच्या नळाला येतं. पाणी चालू असताना तोच जोड बाहेर ठिबकतो, तेही जमिनीखाली. पत्ता लागणार कसा?

म्हणून पाइप गटाराच्या खालून नव्हे, वरून न्यायचा. ओलांडताना मध्ये जोड नको, बाहेरून मोठ्या पाइपचं स्लीव्ह हवं. दाब देऊन तपासल्याशिवाय चर बुजवायचा नाही. टाकीत पडणाऱ्या पाइपचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर, निदान व्यासाच्या दुप्पट अंतरावर हवं. म्हणजे १५ मिमी पाइपला ३० मिमी. पाणी पडल्याचा आवाज नको म्हणून तो तळापर्यंत सोडणारे पुष्कळ. मग पाणी गेलं की टाकीतलं पाणी सायफनने उलटं वाहिनीत जाऊ शकतं.

१९३३ साली शिकागोत जागतिक मेळा चालू असताना दोन हॉटेलांच्या सदोष नळकामामुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. अमीबाच्या आमांशाने ९८ जण दगावले.

प्रश्न : परवाना पाहिला म्हणजे झालं का? – सोसायटीच्या सेक्रेटरी, ठाणे

उत्तर : नाही. नाव, क्रमांक, मुदत बघा आणि परवाना तुमच्याच महापालिकेचा आहे ना तेही. खरी गोम पुढे आहे : अर्जावर सही एकाची आणि खड्ड्यात माणूस दुसराच. अशी सही काय कामाची? टॅपिंगच्या, म्हणजे मुख्य वाहिनीला जोड घ्यायच्या, दिवशी आणि दाबाच्या तपासणीला परवानाधारक स्वतः हजर राहील, हे पैसे ठरवतानाच लिहून घ्या. चर बुजवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. मीटरआधी थेट लाइनवर मोटर बसवून द्यायला जो तयार होतो, त्याला दारातूनच परत पाठवा, परवाना असला तरी.

प्रश्न : नव्या बाथरूममध्ये गटाराचा वास येतो. प्लंबर म्हणतो, फिनेल टाका. – एक वाचक, नाशिक

उत्तर : जाळी काढून नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी धरून गटाराचा वास अडवणारं फरशीतलं भांडं, बघा. त्यात निदान ५० मिमी पाणी साचून राहायला हवं. फरशीची उंची वाचवायला उथळ ट्रॅप बसवला असेल तर ते पाणी लवकर सुकतं. बसवलाच नसेल, तर फरशी फोडावी लागेल.