इंजिनाचे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळले तर चालतात का?

तुम्ही विचारलंय की टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, म्हणजे तेल अडवणारी पट्टी, घरीच बदलताय, ओळखीचा मिस्त्री म्हणतो ‘घट्ट आवळा, झालं’, मग टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरवलेल्या जोराला ‘टक्’ करणाऱ्या पान्यावर, पैसे घालवायचे कशाला?

मीही असाच एका मिस्त्रीचा चेला होतो. माझी पहिली गाडी जुनी, तीन सिलिंडरची. कव्हरमधून तेल पाझरायचं. रविवारी पॅकिंग बदललं, अर्ध्या इंची चौकोनाच्या रॅचेटला (गोटी फिरवायच्या दांड्याला) दहाची गोटी लावली आणि शेवटचा बोल्ट ‘अजून पाव फेरा’ म्हणून ओढला. हाताला आधी घट्ट लागत होतं, मग एकदम लोण्यासारखं मऊ झालं. बोल्ट बाहेर काढला तर आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली. हेडचेच, म्हणजे कव्हर ज्यावर बसतं त्या भागाचेच आटे बाहेर आले होते. पुढे भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घेतलं. त्याने काम केलं, पण हसून घेतलं आधी.

तिथे चुकलं काय, तर हिशोब. कव्हरचे बोल्ट बहुतेक गाड्यांत सहा एमएमचे, दहाच्या पान्याने फिरणारे, आणि त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे एक मीटर लांब दांड्याला एक किलोचं वजन टांगल्याइतकं. पंचवीस सेंटिमीटरच्या रॅचेटवर हे चार किलोतच पुरं होतं. चाकाचे नट आवळायची सवय असलेल्या हाताला चार किलो म्हणजे काहीच नाही! मोठ्या बोल्टला हात कमी पडतो, लहान बोल्टला जास्त होतो. अंदाज चुकतो तो इथेच.

तर रेंच घ्या, पण बघून. दुकानात पुढे करतात तो अर्ध्या इंची बहुधा ४० न्यूटन-मीटरच्या पुढूनच सुरू होतो, तो १० ला ‘टक्’ करणारच नाही आणि तुम्ही आवाजाची वाट बघत बोल्ट मोडाल. ५ ते २५ मधला लहान घ्या. ‘टक्’ झालं की थांबायचं, खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढायचं नाही. त्याने बोल्ट खोलायचे नाहीत, आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं.

आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा, माझा नाही. त्यात आटे कोरडे ठेवायला सांगितलेत की तेल लावून, हेही बघा. रेंचवर दिसणाऱ्या जोराचा बराच मोठा भाग नुसतं घर्षण खातं, बोल्ट ताणायला थोडाच उरतो. कोरड्यासाठी दिलेल्या आकड्यावर तेल लावलेला बोल्ट आवळला की तोच आकडा जास्त ताण देतो.

आधी सगळे बोल्ट हाताने बसवा. मग मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, समोरासमोर, दोन खेपांत आवळा. एकच टोक आधी आवळलं तर दुसरीकडे पॅकिंग उचलतं.

हेड उघडायचा विचार असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे. बऱ्याच नव्या इंजिनांत हेडचे बोल्ट ठरावीक टॉर्कपर्यंत (पिळाच्या जोरापर्यंत) आवळून मग आणखी ठरावीक अंश फिरवतात. ते मुद्दाम ताणले जातात, म्हणून परत वापरत नाहीत. शिवाय बोल्टच्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं राहिलं तर आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य धडाला) तडा जाऊ शकतो. पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका.

कव्हर बसलं की इंजिन दहा मिनिटं चालवून टॉर्चने कडा बघा. तेल दिसलंच तर पाना उचलू नका. इंजिन गार होऊ द्या, कव्हर उघडा आणि जुन्या पॅकिंगचा तुकडा खाचेत चिकटून राहिलाय का ते शोधा. माझ्याकडे दुसऱ्या खेपेला नखाएवढा तुकडा निघाला होता.